मालपावतीवरची सही

पोरी, गोडाउनच्या मागच्या भिंतीला टेकून खोक्यांचे जे गठ्ठे उभे आहेत, त्यांच्यावरची ताडपत्री एकदा काढून नीट बघ. पाच प्लायचे आहेत, चांगल्या क्राफ्ट कागदाचे. सात वर्षं झाली तरी कडा सरळ आहेत. पण प्रत्येक खोक्यावर चारही अंगांनी हिमाचलातल्या बद्दीच्या एका औषध कंपनीचं आणि तिच्या सिरपचं नाव छापलेलं आहे. ती कंपनी बुडाली आणि हे खोके जगात कुणालाच विकता येईनात. रद्दीवाला किलोने न्यायला तयार होता, पण तुझ्या आतोबांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, या कारखान्यात जो कुणी हिशेब शिकायला येईल, त्याला आधी हे दाखवायचं.

पुढच्या महिन्यापासून वह्या तुझ्या हातात येणार. १९८६ साली कोल्हापूरहून इथे आलो, चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरिया फेज २ मध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवायला लागलो, तेव्हापासून वसुली मीच पाहिली. मशीन कसं चालवायचं ते कामगार तुला शिकवतील. उधारी कशी द्यायची आणि गिऱ्हाईक बुडालं तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून बसून सांगते आहे.

पहिली गोष्ट, आपण रांगेत कुठे उभे आहोत ते ओळख. बाजारात आपल्याला सप्लायर म्हणतात. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत आपलं नाव ऑपरेशनल क्रेडिटर. म्हणजे माल किंवा सेवा देऊन ज्याचे पैसे अडकले तो धनको, आणि बहुतेक वेळा ज्याच्या हातात काहीही तारण नाही असा. कंपनी मोडीत निघाली की पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे ते कलम ५३ मध्ये लिहिलं आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च. मग तारण घेतलेल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांचा २४ महिन्यांचा पगार. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा. मग तारणाशिवाय कर्ज देणारे. मग सरकारची देणी, आणि तारण विकूनही बँकांचं जे उरलं ते. त्यानंतर ‘बाकीची देणी’ असा एक शब्द येतो. तो शब्द म्हणजे आपण. आपल्यामागे फक्त भागधारक उभे असतात.

मला हे अजूनही पटत नाही. बँकेने कर्ज दिलं ते इमारत, यंत्रं, जमीन सगळं लिहून घेऊन. आपण विश्वासावर माल दिला, आणि त्या मालावरच कंपनीचा महिना निघाला. पण जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनेला धरून आहे असं सांगितलं. त्याच वर्षी एस्सार स्टीलच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने बँका आणि पुरवठादार दोघांनाही ६०.७ टक्के देण्याचा आदेश काढला होता, तेव्हा आमच्या फेज २ मध्ये काहींनी पेढे वाटले. १५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. किती कुणाला द्यायचं ते धनकोंची समिती ठरवेल, आणि त्या समितीत मत फक्त कर्ज देणाऱ्यांना. आपल्याला कायद्याने हमी आहे ती एवढीच, की कंपनी मोडीत काढली असती तर जे मिळालं असतं, किंवा कंपनी वाचवण्याच्या योजनेतली रक्कम कलम ५३ च्या रांगेने वाटली असती तर जे मिळालं असतं, त्यातलं जे जास्त ते. अनेकदा दोन्ही हिशेब शून्याच्या आसपास येतात.

म्हणून मी तुला कोर्टापासून सुरुवात करायला सांगत नाही. आपलं संरक्षण गाडी गेटबाहेर पडण्याआधी करायचं असतं.

नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्या ऑफिसातला सोफा बघू नकोस. आधी विचार, धंदा कोणत्या नावाने आहे. एकट्याची मालकी, भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी. या संहितेचा जो भाग आपल्याला वापरता येतो तो कंपन्या आणि एलएलपींसाठी आहे. साध्या मालकीच्या दुकानाला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, पण तिथे माणूस स्वतःच्या घरादारासकट देणं लागतो. कंपनीत तसं नाही. संचालकाची कोठी पंचकुल्यात असेल, तरी कंपनीच्या बिलासाठी ती तुझ्या हाती लागत नाही, त्याने स्वतःची हमी लिहून दिली असेल तरच.

कंपनी असेल तर तिचा सीआयएन नंबर घे आणि कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर टाक. त्या नंबरात राज्याची दोन अक्षरं असतात. कारखाना बद्दीला, माल बद्दीला, माणसं बद्दीची, आणि नंबरात अक्षरं डीएल निघाली, तर नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत. उद्या काही झालं तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, दिल्लीच्या खंडपीठापुढे जाईल. एचपी, पीबी, एचआर, सीएच असेल तर इथे, मध्य मार्गावर सेक्टर २७ मधल्या कॉर्पोरेट भवनात. हिमाचल, पंजाब, हरियाणा, जम्मू-काश्मीर, लडाख या सगळ्यांचं एनसीएलटीचं खंडपीठ तेच आहे. पोर्टलवर ‘चार्जेस’ची यादीही दिसते, म्हणजे कोणत्या बँकेकडे काय काय तारण आहे ते. ती यादी लांब असेल तर समज, कंपनी मोडीत निघाली तर तुझ्या वाट्याला येण्यासारखं तिथे काही शिल्लक नाही. त्या गिऱ्हाइकाला माल देऊ नकोस असं मी म्हणत नाही. उधारी किती दिवसांची आणि किती लाखांपर्यंत, ते यावर ठरव.

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले.

या बद्दीच्या कंपनीकडे आमचे ११ लाख ४२ हजार अडकले होते. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर मी दावा लावला. मंजूर झाले ८ लाख ६० हजार. बाकीच्या बिलांच्या डिलिव्हरी चलनांवर मागे कुणा वॉचमनने पेनाने काहीतरी ओढलं होतं. ना शिक्का, ना नाव, ना गेट एंट्रीचा नंबर. माल गेला होता, खोक्यात सिरप भरून तो बाजारात विकलाही गेला होता. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, बीजी, गर्मी बहुत थी, स्टोरवाला खाना खाने गया था. आणि मी चालवून घ्यायची.

तू चालवून घेऊ नकोस. खरेदीची ऑर्डर लेखी हवी, ईमेल किंवा सही-शिक्क्याचा पीओ. फोनवरच्या ऑर्डरला ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ असं लिहून लगेच एक ओळ पाठव. मालपावतीवर गोल शिक्का, तारीख, घेणाऱ्याचं वाचता येईल असं नाव. ई-वे बिलाची प्रत त्याच बिलाला टाचलेली. जीएसटीआर-१ मध्ये तेच बिल, तीच रक्कम. जून २०२२ पासून एनसीएलटीत अर्ज करायचा तर जीएसटी विवरणपत्रांचे आणि ई-वे बिलांचे उतारेही लावावे लागतात, म्हणजे तिन्ही कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर प्रश्न आपल्यालाच येणार.

आणि तक्रारीचं पत्र. ‘खोके ओले आले’, ‘छपाई फिकट’, ‘बर्स्टिंग कमी’ असा मेल आला की आपली सवय असते, बघू, पुढच्या खेपेला सांभाळून घेऊ. उत्तर न देता सोडलेला असा एक मेल तुझा पूर्ण दावा पाडू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मोबिलॉक्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मागणीची नोटीस येण्याच्या आधीपासून खराखुरा वाद असेल, तर तो कोर्टात दाखल झालेला नसला तरी पुरवठादाराचा अर्ज फेटाळला जाईल. न्यायाधिकरण वाद कोण जिंकेल ते पाहत नाही, वाद होता का एवढंच पाहतं. म्हणून तक्रार आली की दोन दिवसांत माणूस पाठव, नग मोज, जेवढं खरं तेवढ्याची क्रेडिट नोट दे आणि ‘या बिलाबाबत आता दोन्ही पक्षांची तक्रार नाही’ असं लिहून घे.

दर ३१ मार्चला प्रत्येक गिऱ्हाइकाकडून बाकीची कबुली, बॅलन्स कन्फर्मेशन, सहीनिशी घ्यायची. तू विचारशील, एवढा खटाटोप कशाला. पैसे थकले की तीन वर्षांची मुदत सुरू होते. ती संपायच्या आत लेखी कबुली आली किंवा काही रक्कम आली की मुदत पुन्हा नव्याने मोजायची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही मुदत या संहितेलाही लागते. ‘पैसे देतो, देतो’ म्हणणारी गोड माणसं तीन वर्षं पुरवून उरतात.

आपल्या उद्यम नोंदणीचा नंबर बिलाच्या माथ्यावर ठळक आहे, तो कधी काढू नकोस. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या लघुउद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. पण हे माल बनवणाऱ्यासाठी किंवा सेवा देणाऱ्यासाठी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नंबर मिळतो, हा हक्क मिळत नाही. सेक्टर २६ मधला तुझा तो ओळखीचा कागदाचा डीलर या भ्रमात आहे, त्याला सांग.

व्याज प्रत्यक्षात क्वचितच हाती येतं. तरी बिलावर छापायचं. आपल्या खऱ्या कामाला येतो तो आयकराचा नियम. २०२३-२४ या वर्षापासून, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी गिऱ्हाइकाच्या मालकाला फोन करू नकोस, त्याच्या सीएला कर. १८० दिवसांत बिल दिलं नाही तर त्याला घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही उलटवावं लागतं, तेही त्याच फोनवर आठवणीत आणून दे. आपली बाजू मात्र लक्षात ठेव: पैसे बुडाले म्हणून भरलेला जीएसटी आपल्याला परत मिळत नाही. बुडालेल्या गिऱ्हाइकाचा कर आपण आपल्या खिशातून भरलेला असतो.

मोठं गिऱ्हाईक ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, असेल तर बिल तिथे चढव. गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की वित्तसंस्था बोली लावून आपल्याला पैसे आधी देते, थोडी कसर कापून. नंतर गिऱ्हाईक बुडालं तरी ती आपल्याकडे परत मागायला येत नाही. कसर देताना जीव खालीवर होतो, माझाही व्हायचा. त्या ताडपत्रीखालच्या गठ्ठ्यांकडे बघ आणि सही कर.

आता गिऱ्हाईक आजारी पडतंय हे कसं ओळखायचं. ताळेबंद उशिरा येतो, त्याच्यावर विसंबू नकोस. महिन्यातून एकदा स्वतः जा. आपलं बिल घेऊन अकाउंट्समध्ये बसण्याआधी कारखान्याच्या गेटबाहेरच्या चहावाल्याकडे बस. कामगारांची उधारी त्याच्या वहीत वाढली असेल तर पगार लांबलेत. खरेदी विभागातला जुना माणूस सोडून गेला, चेकवरची सही बदलली, पूर्वी घासाघीस करणारा आता भाव न विचारता दुप्पट माल मागतोय. ही शेवटची खूण सगळ्यात वाईट. ज्याला दुसरीकडून माल मिळणं बंद झालंय, तोच भाव विचारत नाही.

मे २०१८ मधली संध्याकाळ आहे. बद्दीच्या त्या कंपनीने दुप्पट ऑर्डर दिली होती आणि आपण खूश होतो. ट्रान्सपोर्टरचा ट्रक चार हजार खोके घेऊन दुपारी निघाला. पाच वाजता बाटल्यांची झाकणं पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा फोन आला: आंटीजी, मेरे तीनों चेक वापस आ गए. मी बँकेत फोन लावला, आपलाही एक परत आला होता. ट्रक तेव्हा पिंजोरला होता, ड्रायव्हर ढाब्यावर चहा पीत होता. मी त्याला तिथेच थांबवलं आणि ट्रान्सपोर्टरला लेखी कळवलं, माल पोचवू नका, परत आणा.

हा हक्क ९० वर्षांहून जुना आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला, खरेदीदार नादार झाला असेल तर वाटेतला माल थांबवता येतो. आणि तिथे नादार या शब्दाला कोर्टाचा हुकूम लागत नाही. जो आपली देणी नेहमीच्या रीतीने चुकवेनासा झाला, तो नादार. ट्रान्सपोर्टरला सूचना दिली की पुरे. माल खरेदीदाराच्या ताब्यात गेला, मालपावतीवर सही झाली, की हा हक्क संपला. ई-वे बिल २४ तासांच्या आत रद्द करायचं, वाटेत तपासणी झाली नसेल तर ते होतं.

ट्रक रात्री नऊला परत आला. तेच हे गठ्ठे. माल वाचला पण नाव छापलेलं, म्हणून पैसा वाचला नाही. तेव्हापासून आपला नियम: छापील खोक्यांना निम्मी रक्कम आगाऊ, आणि एका वेळी एका महिन्याच्या वापरापेक्षा जास्त छापायचं नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो, घाईत आहे, छापून ठेवा. साधा खोका परत आला तर दुसऱ्याला जातो.

चेक परत आला तर भावनेत दिवस घालवू नकोस. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला १५ दिवस, मग एका महिन्यात फौजदारी तक्रार. पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होऊन कंपनीवर स्थगिती आली की कंपनीविरुद्धचा हा खटला थांबतो. पण ज्या संचालकाने सही केली त्याच्याविरुद्ध तो चालू राहतो, हे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. विनातारण धनकोच्या हातात माणसाला टेबलावर आणणारं एवढं धारदार दुसरं काही नाही.

वसुलीची दारं दोन. एक, लघुउद्योगांसाठीची फॅसिलिटेशन कौन्सिल. गिऱ्हाईक कोलकात्याचं असलं तरी तू तुझ्या गावच्या, म्हणजे चंदीगडच्या कौन्सिलकडे जाऊ शकतेस, अर्ज ऑनलाइन. निकाल आपल्या बाजूने लागला आणि त्याला तो उलटवायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आपल्यासारख्यांसाठी बनलेला हा कायदा आहे, आणि तरी फेज १ आणि फेज २ मधले अर्धे लोक तिकडे फिरकत नाहीत, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. पैसे न देणारं गिऱ्हाईक तुटलेलंच असतं, पोरी.

दुसरं दार एनसीएलटीचं. कलम ८ ची मागणी नोटीस द्यायची, त्याला १० दिवस, मग कलम ९ चा अर्ज, फी २,००० रुपये. पूर्वी एक लाखाच्या थकबाकीवर हे करता येत असे. नुसती नोटीस गेली की पैसे यायचे, मी स्वतः दोनदा अनुभवलं. २४ मार्च २०२० ला ही मर्यादा एक कोटी झाली आणि लहान पुरवठादारासाठी ते दार जवळजवळ बंद झालं. बँका एकत्र येऊन अर्ज करू शकतात असं कलम ७ मध्ये लिहिलं आहे. कलम ९ मध्ये आपल्यासाठी तसं लिहिलेलं नाही. टाळेबंदीच्या वर्षात, २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ दरम्यान थकलेल्या पैशांसाठी तर हा अर्ज कधीच करता येत नाही. तुझी थकबाकी कोटीच्या वर असली तरी एक विचार कर: अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनी व्यवस्थापकाच्या ताब्यात जाते, आणि तू पुन्हा त्याच रांगेत शेवटी. अर्ज दाखल होण्याआधीच्या वाटाघाटीत ज्याला जे मिळतं ते मिळतं.

१९९४ मध्ये परवाणूच्या एका कारखान्याने आमचे पैसे ठेवले, तेव्हा हेही नव्हतं. कंपनी बीआयएफआरकडे, म्हणजे आजारी उद्योगांच्या सरकारी मंडळाकडे, नोंदली गेली की तेव्हाच्या आजारी कंपन्यांच्या कायद्यातल्या कलम २२ खाली वसुलीचे दावे अडायचे. तुझे आतोबा सेक्टर १ मधल्या हायकोर्टात, त्या तीन रंगांच्या खांबांखाली वर्षानुवर्षं गेले. तारीख लिहून आणायचे आणि कॅलेंडरवर गोल करायचे. आजचा कायदा निदान मुदती देतो. त्या आपल्यालाही लागतात, एवढं मात्र विसरायचं नाही.

कारण इथेच लोक बुडतात. कंपनीवर प्रक्रिया सुरू झाली की अंतरिम व्यवस्थापक, आयआरपी, तीन दिवसांत जाहीर सूचना काढतो. ती वर्तमानपत्रात येते, पण कोणत्या, ते कंपनीच्या नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालयाच्या गावावर ठरतं. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर मात्र सगळ्या सूचना असतात. दर सोमवारी सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचं आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या यादीशी ताडून बघायचं. पाच मिनिटं लागतात. आपल्या दाव्याचा अर्ज म्हणजे फॉर्म बी. दाव्यासाठी साधारण १४ दिवस असतात, नंतरही काही काळ दार उघडं असतं, पण उशिराचं कारण द्यावं लागतं. मुद्दल, व्याज, प्रत्येक बिल, प्रत्येक पावती, प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचा हिशेब. कंपनीच्या वहीत आपलं नाव आहे, आपण जुने, ते आपल्याला धरतीलच, असं मानून बसलेले लोक मी पाहिलेत. एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालानंतर शंका उरली नाही: योजना मंजूर झाली आणि तुझा दावा तिच्यात नसेल, तर तो संपला. नवा मालक एक रुपया लागत नाही.

दावा कापला गेला तर कारण लेखी मागव. न पटलं तर एनसीएलटीत अर्ज करता येतो. कंपनी पुढे मोडीत निघाली तर जुन्या अर्जावर विसंबू नकोस, लिक्विडेटरकडे मुदतीत पुन्हा दावा लाव. आणि इतर पुरवठादारांना गोळा कर. बाटलीवाला, झाकणवाला, लेबलवाला, ट्रान्सपोर्टर. सगळ्यांची मिळून थकबाकी एकूण देण्याच्या १० टक्के झाली तर धनको समितीच्या बैठकीत आपला एक प्रतिनिधी बसू शकतो. मत नाही. पण कारखान्याची किंमत काय लावताहेत, कोण घ्यायला आलंय, हे त्याच्या कानावर पडतं. योजनेत आपल्याला जे काही ठरलं असेल ते बँकांच्या आधी द्यावं लागतं, त्याचा पाठपुरावाही असा माणूसच करतो.

सगळ्यात उपयोगाचं आता. प्रक्रिया सुरू झाली म्हणून कारखाना लगेच बंद पडत नाही. आयआरपीला तो चालता ठेवायचा असतो आणि त्याला खोके लागतात. तो फोन करेल. जुने पैसे दिल्याशिवाय माल नाही असं म्हणू नकोस, जुने देणं त्याच्या हातात नाहीच. स्थगितीनंतर दिलेल्या मालाचे पैसे प्रक्रियेच्या खर्चात धरले जातात, आणि तो खर्च रांगेत पहिला. कालपर्यंत शेवटी उभी असलेली तू आजच्या मालासाठी पुढे येतेस. फक्त ऑर्डर आयआरपीच्या सहीची हवी, जुन्या खरेदी मॅनेजरची नको. वही नवी, बिलांचा क्रम वेगळा, आणि आलेले पैसे जुन्या बाकीत कधीही जमा करायचे नाहीत.

बुडायला आलेला मालक कधीकधी मागच्या दाराने आपल्याला यंत्र किंवा कच्चा माल देऊ करतो, जुन्या बाकीपोटी. मोह होतो. पण कंपनी नंतर दिवाळखोरीत गेली तर त्याआधीच्या एका वर्षातला असा व्यवहार रद्द करून घेता येतो, घेणारा नातेवाईक असेल तर दोन वर्षांतला. नेहमीच्या धंद्यातलं नेहमीचं पेमेंट घे. बाकीचं घेऊ नकोस.

आणि लवकर काही मिळेल अशी आस धरून कारखान्याचं बजेट बांधू नकोस. वाहनांचे भाग बनवणारी हरियाणातली अमटेक ऑटो घे. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या बारा मोठ्या खात्यांच्या यादीत ती होती. जुलैत इथल्याच खंडपीठाने प्रकरण दाखल करून घेतलं. जुलै २०१८ मध्ये लिबर्टी हाउसची योजना मंजूर झाली, पण ती अमलात आलीच नाही. जुलै २०२० मध्ये डेक्कन व्हॅल्यू इन्व्हेस्टर्सची दुसरी योजना मंजूर झाली, मग त्यांनाही मागे फिरायचं होतं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. जवळजवळ चार वर्षं. लुधियानाचा एखादा लहान बोल्टवाला चार वर्षं कुणाच्या जिवावर कामगारांना पगार देणार?

आमच्या ८ लाख ६० हजारांवर शेवटी ४३ हजार आले. चेक आला त्या दिवशी तुझे आतोबा सेक्टर २२ मधून जिलेबी घेऊन आले आणि त्या चेकच्या पैशातून पहिलं काम काय केलं, तर गोल शिक्क्याचा नमुना छापलेली नवी मालपावती-पुस्तकं करून घेतली. खाली तीन रकाने आहेत, नाव, हुद्दा, गेट एंट्री. आज तुझ्या टेबलावर आहेत ती त्यातलीच.

किल्ल्या लाल डब्यात आहेत. थकबाकीची फाईल निळी, एमएसएमईची हिरवी. नव्या टूथपेस्टवाल्या गिऱ्हाइकाचा माल बांधून तयार आहे, गाडी सोमवारी सकाळी सातला लागेल. त्यांचा पीओ अजून आलेला नाही, फक्त फोन आलाय. सीआयएन तपासून झालाय, अक्षरं एचपीच आहेत. पीओ मेलवर दिसला की मगच गाडी सोड, आणि ड्रायव्हरला सांग, स्टोअरवाला जेवायला गेला असेल तर तो परत येईपर्यंत तिथेच बसायचं.